दूधघरातला पलंग

प्रिय मेरेरिडताई,

धाकट्या इफोरचा नमस्कार. स्वान्झीच्या हवेत तुझा गुडघा एव्हाना वठणीवर आला असेल. मी ठणठणीत आहे, मेंढ्या माझ्याहून ठणठणीत.

घराची जुनी वास्तू म्हणून नोंद करून घे, असं तू कानीकपाळी ओरडत होतीस, म्हणून अर्ज केला. मंगळवारी खात्याच्या प्रॉथरोबाई आल्या. हातात मापाची फीत, पायात शहरी बूट (ते आता शहरी राहिले नाहीत). दगडी घर त्यांना आवडलंच, पण डुकरांची खोपटी बघून तर बाई मोहरूनच गेल्या. तिचं दगडी छत म्हणे त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं. ते नीट बघायला त्या रांगत आत शिरल्या आणि मागून आपला थोरला मेंढा येऊन दारात बसला. (डुकरं गेल्यापासून खोपटी त्याची, हे मी अर्जात लिहिलं नव्हतं.) बीट दाखवून त्याला उठवेपर्यंत वीस मिनिटं गेली. बाई खमक्या. तेवढ्या वेळात त्यांनी आतून मापं घेऊन मला ओरडून सांगितली आणि मी ती कोठाराच्या दारावर खडूने लिहिली. (आता तो खडू पुसायलाही परवानगी लागेल बहुतेक.)

मग राहिलं अंगणापलीकडचं दूधघर. मी म्हटलं, तिथे बघण्यासारखं काही नाही. सरकारी माणसाला असं कधी सांगू नये. आत माझा पलंग, किटली, ग्वेनने शिवलेली गोधडी, सगळा संसार. मी घाईघाईने सांगितलं की घराचं छप्पर गळतं, म्हणून इथे झोपतो. बाई सकाळीच माळा बघून आल्या होत्या.

"छप्पर कोरडं आहे, मिस्टर पॅरी. घरातली चूल कधीपासून पेटली नाही?"

"ग्वेन, माझी बायको, गेली तेव्हापासून."

त्यांनी काही लिहून घेतलं नाही. पेन्सिल खिशात ठेवली आणि चहा मागितला. दोन कप प्यायल्या. जाताना म्हणाल्या, पुढच्या खेपेला चहा घरात घेईन.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
इफोर

ता. क. नोंद होणार, असं बाई म्हणाल्या. खोपटीची तर नक्कीच.

आणखी एक. नाताळात तू फोनवर विचारलंस तेव्हा मी घरातच झोपतो म्हणालो, ते खोटं होतं. पलंग मी एकट्याने ओढत बाहेर काढला. आत न्यायचा तर पायऱ्या चढाव्या लागतात, दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं. तुझ्या गुडघ्याचं ठाऊक आहे मला. तू नुसता हात लावून उभी राहा, उचलतो मी.