हाक मारायचं नाव

पेमादादा,

हे पत्र माझ्याजवळच राहणार आहे, म्हणून खरं लिहिते.

गेल्या महिन्यात तू आयर्लंडहून एका पडक्या गढीचा फोटो पाठवलास. पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या जमीनदारानं आपली जमीन इंग्लंडच्या राजाच्या स्वाधीन केली, भाषा, पोशाख, कुळाचं जुनं नाव सोडलं. राजानं तीच जमीन त्याला इंग्रजी किताबासकट परत दिली आणि तो मोठा झाला. 'हुशार माणूस,' असं तू लिहिलंस.

इथे आखातात, घुब्रा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये मी ते आईला वाचून दाखवलं. भेंडी चिरता चिरता ती म्हणाली, "मंग त्याची आय त्याला काय म्हनून हाक मारायची?"

आई गेल्यावर तू विचारलंस, आधी का नाही कळवलं. त्या सकाळी हॉस्पिटलात ती सारखी 'पेमा, पेमा' करत होती. तुझा मोबाइल बंद होता, म्हणून मी तुझ्या ऑफिसात फोन लावला. प्रेमानंद कांबळेंना द्या, म्हटलं. या नावाचं इथे कुणी नाही, असं तिथली बाई म्हणाली. मग तिनंच विचारलं, "तुम्हाला पेरी कॅम्बेल हवेत का?"

मी नको म्हटलं आणि फोन ठेवला.

तुझी बहीण,
रश्मी बबन कांबळे