पाचवी फुली

सोमवार

आलो एकदाचा. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून बाबांनी बोलणंच टाकलं होतं. शेवटी आईने मामाला गळ घातली आणि मामाने मला हाताखाली घेतलं. मामा कॅमेरामन, मी पडेल ते काम. पण गाण्याच्या शूटिंगची जागा काय झकास आहे! बंद पडलेल्या क्लबचा कोरडा पोहण्याचा तलाव. बँड तळाशी उभा राहून गाणार, दिवे काठावरून खाली, आणि कॅमेरा उतारावरून ट्रॉलीवर घसरत थेट गाणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यापाशी. चौघांच्या चार जागा, प्रत्येक जागी पांढऱ्या चिकटपट्टीची फुली. दिवे जुळेपर्यंत त्यांच्याऐवजी फुलीवर मी उभं राहायचं. पाय मोडतात. म्हणून ही वही तिथेच, उभ्या उभ्या लिहितोय.

मामाने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: रिकाम्या फुलीवर दिवा ठेवायचा नाही. उजेड मांडून ठेवला की कुणीतरी येऊन उभं राहतं, म्हणे. मी फिदीफिदी हसलो. बल्ब तापतो याची काळजी, दुसरं काय.

मंगळवार

ती गाणारी आली. मी तिच्याच फुलीवर होतो. खांद्याला हात लावून मला बाजूला केलं आणि जेवलास का, म्हणून विचारलं. एवढंच. खांदा अजून माझ्या ताब्यात नाही.

ड्रमवाल्याच्या नजरेतून सुटलं नाही. तो मला ‘खांब’ म्हणतो. खांबाला पालवी फुटली, असं सगळ्यांसमोर म्हणाला. त्याच्या हातातली काठी हिसकावून मी मोडली. मामाने कान उपटले, तेही सगळ्यांसमोर.

सगळे चहाला गेल्यावर तिच्या शेजारी पाचवी फुली चिकटवली. माझी. वरून एक छोटा दिवा सोडला. आम्ही दोघं शेजारी शेजारी कसे दिसू, तेवढं बघायचं होतं. मामाने दिव्याचं विचारलं तेव्हा ठोकून दिलं, मागच्या भिंतीच्या फरशांना उठाव येतो. मामा खूश. दिवा राहिला. फुली त्याच्या लक्षातही आली नाही.

बुधवार

तालीम. मागच्या निळ्या फरशांवर तिची सावली. शेजारी आणखी एक. डोकं, खांदे, लोंबते हात. वाटलं, माइकच्या स्टँडची असेल. स्टँड उचलून नेला. सावली तिथेच. फुलीवर कुणी नाही.

मॉनिटरमध्ये बघितलं तर भिंत स्वच्छ. मामाला काय दाखवू?

ड्रम घुमत होता. सगळ्यांच्या सावल्या डोलत होत्या. ही एक सोडून.

गुरुवार

पट्टी नखांनी खरवडली. खाली फरशीवर फुली उमटलेलीच.

मग दिवा बंद केला.

सावली गेली नाही. तिच्या सावलीत शिरली. एका मानेवर दोन डोकी. तिचा आवाज मध्येच चिरला आणि त्याखालून दुसरा, जाडा — ती गळा धरून खाली बसली. मी धावत जाऊन दिवा लावला. सावली परत फुलीवर. तिला श्वास आला.

पाणी दिलं तेव्हा हळूच म्हणाली, “माझ्या शेजारी कोण गात होतं रे?”

तोंड उघडलं तर मामा हाकलणार, आणि मग दिवा विझवू नका हे त्यांना कोण — नाही. मी इथे असायला हवं.

शुक्रवार, सकाळी

सावलीचा हात वर आलाय. तिच्या खांद्याशी. जिथे तिने मला —

जागा माझी होती. मी माझ्यासाठी मांडली. मीच उभा राहिलो तर त्या दुसऱ्याला जागा कुठे? शॉट लागायच्या आत —

शुक्रवार, फुलीवरून

ती सावली गेली. भिंतीवर आमच्या दोघांच्याच. ती मोकळी गातेय. ट्रॉली निघाली. मला वेड्यासारखं हसू —

गाणं थांबवलं. ड्रमवाला विचारतोय, खांब कुठे तडमडला. मी हात हलवला. तो माझ्यातून पलीकडे बघतो.

तीही.

मामा चिडलाय. ही फुली कुणाची म्हणतोय. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणतोय, रिकाम्या फुलीवर दिवा —

काठाकडे चाललाय. बटणापाशी.

मामा, मी इथे आहे. मामा, नको विझवू, दिवा गेला की मी तिच्या सावलीत —