देवापुढचं अमेरिकन समन्स

रेणापूर, दुष्काळाचं दुसरं साल, चैत्र

राजमान्य राजश्री विरूपाक्षअप्पा वकील, मुक्काम बिलोली, यांना शरणप्पाचा शरणार्थ.

तुमचा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल आणि तुमच्या आडाला अजून पाणी असेल, अशी आशा करतो. आम्ही खुशाल आहोत. विहिरीने मात्र हाय खाल्ली. टँकर आला की सबंध गाव आपसात भांडतं आणि टँकर गेला की सगळं मिळून सरकारशी भांडतं. (एवढी एकी गावात सुगीच्या सालीही नव्हती.)

परवा आपण खटला जिंकलो आणि तुम्ही लागलीच बिलोलीची गाडी धरलीत, त्यामुळे आभार मानायचे राहिले. तुमची बहीण गुरम्मा म्हणते, आभार मानताना उपकार पहिल्यापासून आठवावेत. म्हणून पहिल्यापासून लिहितो, कंटाळलात तर तिला बोल लावा.

आपली नीला उदगीरच्या मलप्पाला दिली आणि लग्नानंतर दोन महिन्यांत जावई अमेरिकेला गेले. 'बोलावून घेतो' म्हणाले. पोरीने वाट पाहिली, आम्ही वाट पाहिली, शेजारच्या सरजाबाईने तर आमच्यापेक्षा जास्त पाहिली. अखेर एक दिवस लाल शिक्क्याचा जाडजूड लिफाफा आला. आतली इंग्रजी आमच्या आवाक्याबाहेरची. गावातल्या ग्यानोबाने (मॅट्रिकला तिसऱ्यांदा बसलेला, म्हणजे अनुभवी) त्यातून नीलाचं नाव, जावयाचं नाव आणि एक तारीख शोधून काढली आणि सांगितलं, "काका, ह्या तारखेला नीलाबाईनं तिथं हजर व्हावं असं लिहिलंय!" आता नवऱ्याने बायकोला हजर व्हायला सांगितलं, याचा अर्थ कोणता बाप वेगळा लावेल? कागद देव्हाऱ्यात महादेवाच्या पिंडीशेजारी ठेवला, विभूती लावली, हळदकुंकू वाहिलं, गावभर साखर वाटली. सवाष्णी जेवल्या. गुरम्माने तर करडईच्या तेलाचा डबा बांधून ठेवला, कारण अमेरिकेत करडई मिळते की नाही याची खात्री कुणी देईना.

पुढे तुम्ही जत्रेला आलात, देवाला नमस्कार करायला वाकलात आणि वाकलेलेच राहिलात. आम्हाला वाटलं गुडघा. तर तुम्ही म्हणालात, "भावजी, हे घटस्फोटाचं समन्स हाय. तारीख कवाच उलटली." मागोमाग तिथल्या कोर्टाचा निकालही आला. कारण काय, तर स्वभाव जुळत नाहीत! (स्वभाव जुळत नाहीत म्हणून तर आमचा संसार तीस वर्षं चालला आहे. जुळले असते तर बोलायला काय उरलं असतं?) उदगीरकरांनी दुसरी सोयरीक बघायला घेतली आणि आमची पोर ना सासरची ना माहेरची होऊन बसली. त्या दिवसांत ती जेवायला बसली की ताटातलं नुसतं चिवडायची. ते मला बघवत नव्हतं, अप्पा.

तो अमेरिकेतला निकाल इथे रद्द ठरावा म्हणून तुम्ही लातूरच्या कोर्टात दावा दाखल केलात. लातूर जिल्हा झाला नसता तर खटल्यासाठी उस्मानाबादेला खेटे घालावे लागले असते. ते टळलं, म्हणून नव्या जिल्ह्याचेही आभार. उदगीरकरांच्या वकिलाने गुरम्माला दरडावून विचारलं, समन्स मिळालं होतं की नाही? तुम्ही कपाळाला हात लावलात, कारण ही बाई खोटं बोलणार नाही हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक. ती म्हणाली, "मिळालं न्हाई कसं? देवापुढं ठिवलं, रोज पूजा केली. जावयानं लेकीला बोलवलं म्हणून लई आनंद झाला की हो." कोर्टात सगळे हसले, मी मान खाली घातली. पण तुम्ही उठलात आणि तेच धरलंत. म्हणालात, जी माणसं समन्सची पूजा करतात, त्यांना ते समजलं असं कसं म्हणावं? मग तो कागद दाखवलात. विभूतीखाली शिक्कासुद्धा दिसेना, न्यायाधीशांनी चष्मा दोनदा पुसला. निकाल दिला की ज्यात मुलीचं म्हणणं ऐकलंच गेलं नाही आणि कारणही आपल्या कायद्यात बसत नाही, तो परदेशी निकाल इथे लागू नाही. आमचा येडेपणा पुराव्यात दाखल करून घेणारा वकील महाराष्ट्रात दुसरा नसेल.

आणि फी विचारली तर तुम्ही तांब्याभर पाणी मागितलंत. गुरम्माने पूजेसाठी राखलेलं दिलं. ते तुम्ही अर्धं पिऊन अर्धं परत ठेवलंत, हे मी पाहिलं. अप्पा, हे मी विसरणार नाही.

तुमचा ऋणी,
शरणप्पा

ता.क. आता नीला कायद्याने मलप्पाची बायको ठरली म्हणून गुरम्माने पुन्हा तेलाचा डबा काढला आहे. सरजाबाई साखरेचं विचारून गेली.

ता.क. दुसरं. पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण हात धजेना. नीलाला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली आहे. काल रात्री जेवताना (आता ताट चाटूनपुसून साफ करते) म्हणाली, "आबा, त्यांनी मला न विचारता मोकळं केलं, ते मोडलं, लई ब्येस झालं. आता आपल्या कोर्टानं मला विचारून मोकळं करावं." तर अप्पा, जो घटस्फोट आपण एवढ्या कष्टाने रद्द करून घेतला, तोच आता नीलाच्या वतीने मागायचा आहे. वकीलपत्र तिनेच टाइप करून सोबत दिलं आहे. सही कोणत्या नावाने करू, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, थांब, मामांना विचारतो. पण तिने केलीसुद्धा. नीला शरणप्पा.