पाच नंबरचं थडगं

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, पण या आठवड्यात तुमच्यावर चिडले तेवढी तुमच्या हयातीत कधी चिडले नव्हते. एरंडोलपलीकडच्या टेकडीवर खडकात कोरलेली ती प्राचीन थडगी आम्ही पुन्हा तपासायला घेतलीत. जुन्या खोदकामावर तुम्ही मुकादम होतात. मी आता पुरातत्त्व कचेरीतर्फे नकाशे काढते. तेव्हाच्या साहेबांच्या वहीत पाच नंबरच्या थडग्यापुढे स्पष्ट लिहिलंय, 'रिकामं'. आणि मंगळवारी त्यातूनच एवढंसं मूल निघालं, कुशीवर निजलेलं, पायांशी चांदीचे वाळे. तपासणीवर आलेल्या पुण्याच्या बाई हरखल्या. "इतक्या जुन्या काळी चांदी! अहो, सगळा इतिहास बदलेल!" त्या इवल्या कवटीच्या कपाळावरची माती ब्रशनं मीच झाडत होते, आबा. मग एका वाळ्याला तांब्याच्या तारेचा पीळ दिसला नि मी ब्रश खाली ठेवला. ती तार तुम्ही चुलीपाशी बसून, दातांनी ओढून पिळली होतीत. धाकटी रांगायला लागली की तो वाळा निसटायचा, आणि आई तुम्हाला हसायची, "सोनाराचं काम मुकादमाला जमतं होय!"

त्याच उन्हाळ्यात ती तापानं गेली. लहान लेकराला आपल्यात जाळत नाहीत. तुम्ही तिला एकटेच घेऊन गेलात, नाल्याकाठी पुरलं म्हणालात. शेजारच्यांचं मूल कोल्ह्यांनी उकरलेलं तुम्ही पाहिलं होतं, म्हणून खडकातलं हे रिकामं थडगं शोधलंत, वर शिळा सरकवलीत. हे कळतं हो मला. पण घरी एका शब्दानं सांगू नये? मी बाईंना सगळं सांगितलं. त्या नोंदीचा कागद फाडून म्हणाल्या, "तुमची बहीण आहे. तुम्ही ठरवा." आम्ही दोघींनी तिला परत तिथेच ठेवलं. तरी डोळे मिटले की ते कपाळ दिसतं, आणि ब्रश धरलेला माझा हात.

तुम्हाला लिहिलेला हा कागद आईच्या हाती लागायच्या आत जाळणार आहे. परवा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, ती दरवर्षीसारखी नाल्याकाठी वाटीभर दूध घेऊन गेली. या वेळी मीही सोबत होते. दगडावरून हात फिरवत म्हणाली, "मनी पोर आठेच निजेल शे, नही का वं?"

आबा, मी म्हणाले, "हो, इथेच आहे ती."