शेवटच्या अक्षराचं भांडण

सर, आज ऑफिसात एकजण म्हणाला, "मॅडम, प्रोग्राम स्लो चालतोय, मशीनच बदलायला हवी," आणि माझं डोकंच फिरलं. त्याचा काही दोष नव्हता. हे वाक्य मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मी अजून तुमच्यावरच चिडते. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी.

निजामपुऱ्यातली आपली ती खोली, खाली लूमचा कारखाना. शिफ्ट चालू असली की टेबल थरथरतंय, आणि आपण दोघं ओरडून बोलतोय. भांडतोय की कामाचं बोलतोय हे खालच्या कामगारांना कधी कळलं नसेल. तुम्ही पॉलिटेक्निकमधली शिकवायची नोकरी सोडून एकट्याने कंपायलर लिहिलेला. कापडावरच्या नक्षीसाठी कुठला धागा कधी उचलायचा हे लूमला लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकून सांगावं लागायचं. आपण नक्षी चार शब्दांत टाईप करायची आणि तुमच्या कंपायलरने खुंट्यांचा नकाशा काढून द्यायचा. कल्पना झकास होती, हे मी तेव्हाही मान्य करत होते. मी शेलारहून रोज येणारी, नुकताच डिप्लोमा झालेली, आमच्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारी पहिलीच. मला वाटलं होतं, इथे शिकायला मिळेल. मिळालं काय, तर वाट बघायला. मोठी नक्षी असली की कंपायलर सुरू करायचा, चहा प्यायचा, डबा खायचा, आणि तो संपत आला की लाईट जायची. तुमची ती बॅटरी दोन मिनिटांत मान टाकायची. लाईट आली की पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हणाले होते, "सर, नक्षीतल्या तुकड्यांना आपण नावं देतो ना, त्यातल्या प्रत्येक नावासाठी तो अख्खी यादी वरपासून वाचतोय. गिऱ्हाइकाने साखर मागितली की किराणा दुकानदाराने दर वेळी पहिल्या डब्यापासून झाकणं उघडावीत, तसं चाललंय."

"कंपायलर मी लिहिलाय. तू नक्षी टाक, अक्कल मी टाकतो."

आणि मग तुम्ही ठाण्याहून नवा कॉम्प्युटर आणलात, रिक्षात मांडीवर धरून, बाळासारखा. आठवडाभर खूश होतात. मग आपल्या एकुलत्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने, खालच्या कारखान्याच्या शेटने, आधीपेक्षाही मोठी नक्षी आणली, आणि पुन्हा तेच. शेट खुर्चीत बसून पडद्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "मास्टर, आपका कम्प्युटर सोचता बहुत है. जुम्मे तक देखता हूँ, नहीं तो कारीगर हाथ से कर लेगा." तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "अजून फास्ट मशीन घ्यायला हवी." मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

त्या दुपारी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी तुमच्या कोडला हात घातला. काय ते कोड, सर! कशाचंच नाव धड नाही, सगळीकडे क, कक, ककक. तरी मी यादीचे कप्पे केले. नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे एकेक कप्पा. तुम्ही परत आलात, बघितलंत, आणि तुमचा चेहरा लाल झाला. "कुणाला विचारून?" मी म्हणाले, "आधी चालवून बघा." चालवला. काही फरक नाही. बुट्टी१, बुट्टी२, बुट्टी३... शेटच्या नक्षीत सगळी बारीक फुलंच, त्यामुळे सगळी नावं बुट्टीच होती, सगळी एकाच कप्प्यात जाऊन बसली होती. तुम्ही इतके हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. मला रडू यायचं बाकी होतं. मी पर्स उचलली, आणि तुम्ही हसता हसताच म्हणालात, "अगं, मग शेवटच्या अक्षराने कर की! आकडे तरी वेगळे आहेत."

मी पर्स ठेवली. शेवटच्या अक्षराने केलं. कंपायलर धावला, लाईट असेपर्यंत संपला, आणि त्यानंतर बराच वेळ लाईट होतीच. आपण दोघं पडद्याकडे बघत बसलो.

शुक्रवारी शेट आला, नकाशा घेऊन खूश होऊन गेला. त्याला तुम्ही काय सांगितलंत? "नवीन मशीन आता सेट झालीय." मशीन! मी तिथेच उभी होते, सर. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी तुम्ही हार्ट अटॅकने गेलात, आणि ते क, कक, ककक उलगडत मी एकटीने ती खोली तीन वर्षं चालवली. चिडून चालवली. मग लूमच बदलले आणि खुंट्यांचं काम संपलं.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे, तेव्हा एक सांगून टाकते. शेटने जुम्म्याची मुदत दिली त्याच्या आदल्याच आठवड्यात मी रजा काढून अंधेरीला मुलाखत देऊन आले होते, आणि त्यांनी मला घेतलंही होतं. गार ऑफिस, दिवसभर लाईट. मी गेले नाही. घरी सांगितलं, लांब पडतं. खरं म्हणजे तिथला साहेब मी जे काही बोलले त्याला मान डोलावत होता, आणि घरी येईपर्यंतच मला त्याचा कंटाळा आला होता.