आप्पांनी सोडलेली जागा

कळंब
८ जून १९८७

प्रिय महानंदा,

शिवकांताचं लग्न नीट पार पडलं. तुला कुणी कळवलं नसेल, म्हणून आधी तेच सांगते. शालूत तुझी धाकटी बहीण हुबेहूब तुझ्यासारखी दिसत होती. ते सगळ्यांनाच दिसत होतं, पण बोललं कुणी नाही. फोटो मीच काढले. बाबांची नजर अधू झाल्यापासून स्टुडिओ माझ्याच अंगावर आहे, आणि लग्नघरात बाई कॅमेरा घेऊन फिरते याचं आता कळंबला फारसं नवल राहिलेलं नाही.

जेवणं उरकल्यावर तुमच्या अंगणात घरच्या मंडळींना फोटोसाठी उभं केलं. तुझे आई-वडील मधोमध, पण आप्पा आणि मावशी यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली. मी आप्पांना जरा सरका म्हटलं. ते हलले नाहीत. तुझ्या काकांनी दंडाला धरून ओढलं, तरी नाहीत. ऊन लई झालंय, घे आता, एवढंच म्हणाले. मी फोटो घेतला.

पाहुणे पांगल्यावर एका दुपारी ते एकटेच स्टुडिओत आले. बाकावर बसून भिंतीवरचे फोटो बघत राहिले. मला वाटलं, सोसायटीच्या सभेचं काही काम असेल. मग खाली बघत म्हणाले, "त्या फोटोत मधी महानंदाला बसव."

दहा वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. ज्या सोसायटीचे ते चेअरमन, तिथलाच सेक्रेटरी श्रीपती. त्याच्यासारखा सरळ माणूस तालुक्यात नाही, असं चारचौघांत सांगणारे आप्पा. पण तुम्ही कोर्टात लग्न केलंत तेव्हा तो बौद्धवाड्यातला, एवढंच त्यांना दिसलं.

तुझा उभा फोटो माझ्याकडे एकच होता, दुष्काळातला. आठवतं? बहात्तर साली तेरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर आपण दोघी मजुरांना खायला सुकडी वाटायला जायचो. शाळा सुटल्याचा केवढा आनंद होता आपल्याला. खडी फोडून बायकांचे हात सोललेले असायचे आणि त्यातही त्या आपली थट्टा करायच्या. एके दिवशी मुकादमानं पाण्याच्या टँकरपाशी दोन रांगा लावल्या, एक गावच्या बायकांची, एक बौद्धवाड्यातल्या बायकांची. तू सरळ दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. तुझ्या मागं मीही गेले. तिथं हजेरी घेणारा मुलगा लिहायचं सोडून तुझ्याकडं बघत राहिला. तो श्रीपती. त्यानंतर खडीच्या ढिगापाशी मी बाबांच्या कॅमेऱ्यानं तुझा फोटो काढला. डोक्यावर पदर, हातात पितळी तांब्या, आणि हसतेस अशी, की जणू दुष्काळ दुसऱ्याच कुठल्या मुलखात पडलाय.

तो फोटो मोठा केला, ब्लेडनं तुला कापून काढलं. कड दिसू नये म्हणून मागून पॉलिश पेपरनं घासली. अंगणातल्या फोटोवर चिकटवून सगळ्याचा पुन्हा फोटो घेतला. उंची जुळली, तरी तू काही त्या अंगणात आली नाहीस. रस्त्यावरचं ऊन भर बाराचं, तुझ्या नाकाखाली, हनुवटीखाली काळं. बाकी सगळ्यांच्या एकाच गालावर उतरतं ऊन. आणि तुझ्या पायाशी सावलीच नव्हती. सगळे जमिनीवर उभे आणि तू अधांतरी.

म्हणून लग्नातला फोटो काढला होता त्याच वेळेला मी एक दिवस तुमच्या अंगणात गेले, सावली फरशीवर कशी पडते ते बघायला. मावशी बाहेर आल्या. काय शोधतेस, असं विचारलं. आप्पांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं, पण मावशींपुढं मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं. डोळे पुसले नाहीत की काही नाही. पदर डोक्यावर घेतला आणि मी दाखवलेल्या जागी येऊन उभ्या राहिल्या.

"महानंदा माझ्याएवढीच हाय. माझी सावली घे," म्हणाल्या.

तीच घेतली. चेहऱ्यावरचं काळं बारीक ब्रशनं हळूहळू उजळलं, एक गाल उन्हात आणला. या वेळी तू अंगणात उभी राहिलीस. बाबांना भिंगातून दाखवला, तर त्यांनाही जोड सापडला नाही.

आप्पांनी फोटो दाराशी उजेडात नेला. मग म्हणाले, "आमी समदे म्हातारे झालो. ही तेवढीच राहिली. हिला जरा मोठी करता येती का? तिशी उलटली आसंल आता."

मी म्हटलं, आप्पा, न बघितलेला चेहरा मला नाही काढता येत. मीही तिला इतक्या वर्षांत बघितलेलं नाही. तिची पत्रं येतात, मुलगी शाळेत जाते म्हणून लिहिते. मुलीचं नाव काय, त्यांनी विचारलं. करुणा, मी म्हटलं. ते नाव त्यांनी हलक्या आवाजात म्हणून बघितलं आणि फोटो टेबलावर तसाच ठेवून निघून गेले.

काल ते परत आले ते सोलापूरच्या तुझ्या घराचा पत्ता विचारायला. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं ते आणि मावशी निघणार आहेत. तुला कळवायचं नाही, असं मला बजावलंय. म्हणाले, "ती नको म्हणाली, तर मला जाताच येणार न्हाय." तरीही मी लिहितेय, कारण नको म्हणायचा हक्क तुझा आहे, तो तुझ्याकडून कुणी काढून घेऊ नये. नको असेल तर तार कर, मी काहीतरी सांगून त्यांना थांबवीन. तार आली नाही, तर मी स्वतः त्यांना गाडीत बसवून देईन. तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे ना? जिना चढताना आप्पांचा गुडघा आता धरतो, आणि ते आपण होऊन कुणाचा हात मागत नाहीत. श्रीपतीला खाली येऊन उभं राहायला सांग.

तुझीच,
गिरिजा