सातव्या राष्ट्राध्यक्षांचा जुना कोट

प्रिय धाकट्या,

आधी खाली बस. हातात चहाचा कप असेल तर बाजूला ठेव आणि मगच पुढे वाच. घाईघाईत लिहितेय, त्यामुळे अक्षर बघून नाक मुरडू नकोस. एरवी तरी ते कुठे मोत्यासारखं होतं. निकाल तुला तिकडे कळलाच असेल. बाई निवडून आल्या. आपल्या देशाच्या सातव्या राष्ट्राध्यक्ष एक बाई, आणि त्या काल सकाळी आपल्या दुकानात, आपल्या त्या डुगडुगणाऱ्या स्टुलावर उभ्या होत्या आणि मी त्यांचं माप घेत होते. टेप दोनदा माझ्या हातातून पडली. दुसऱ्यांदा त्यांनीच वाकून उचलून दिली.

बाबा बरे आहेत. तू विचारत नाहीस, तरी मी दर पत्रात लिहिते आणि पुढेही लिहीन. डोळ्यांनी साथ सोडलीय, सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलंय, पण कान तिखट आहेत आणि जीभ त्याहून. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दिवसभर माझ्या कामातल्या खोडी काढत असतात. तुझं नाव निघालं की मात्र रेडिओचा आवाज वाढवतात.

कोटाची गोष्ट तुला पाठ आहे, पण हे पत्र तू तुझ्या चिमणीला वाचून दाखवावंस म्हणून पहिल्यापासून सांगते. देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले राष्ट्राध्यक्ष तुरुंगातून बाहेर येऊन थेट शपथ घ्यायला निघाले होते. अंगावर धड सदरा नव्हता. आपल्या आजोबांनी त्यांच्यासाठी काळा लोकरी कोट शिवायला घेतला. हाडांचा सापळा झालेला तो माणूस स्टुलावर उभा राहून म्हणाला, तिजोरीत खडखडाट आहे आणि मी काही जन्मभर या खुर्चीला चिकटून बसणार नाही, तेव्हा पुढच्यालाही होईल असा शिवा. आजोबांनी ते मनावर घेतलं. शिवणींच्या आत त्यांनी इतकी माया सोडली, म्हणजे इतकं जादा कापड दुमडून ठेवलं, की त्या कोटात असे दोन साहेब मावले असते. तेव्हापासून आपल्या घराचा नियम ठरला. कोट उसवायचा, सैल करायचा, आवळायचा, पण कापायचा नाही. आणि शपथेच्या दिवशी आपल्या घरातल्या दोघांनी दोन बाजूंनी तो धरायचा, नव्या माणसाने त्यात हात घालायचे. ताग्यातलं उरलेलं कापड साहेबांनी आजोबांनाच देऊन टाकलं. पुढे त्यातून आजोबांनी बाबांच्या लग्नाचा कोट शिवला.

दुसरे राष्ट्राध्यक्ष वकील. जेवणावर भारी प्रेम. दरवर्षी कोट सैल करायला पाठवायचे आणि पोट सुटलंय हे काही केल्या कबूल करायचे नाहीत. कोट आटला म्हणायचे. त्यांच्या काळात आजोबांनी आतली घडीन् घडी उलगडली. तिसरे प्राध्यापक, बुटके आणि सडपातळ. सगळं कापड पुन्हा आत गेलं. त्यांनी खिशात उघडं पेन ठेवून अस्तरावर शाईचा डाग पाडला, तो अजून तसाच आहे. बिचारे कॉलेजात शोभायचे, त्या खुर्चीत काही त्यांचा जीव रमला नाही.

आणि मग एका सकाळी रेडिओवर नुसताच बँड वाजत राहिला आणि जनरल आले. यापुढचं तू स्वतः पाहिलंयस. प्राध्यापक पुन्हा कोणाला दिसले नाहीत. कोट घेऊन तो मिशीवाला अधिकारी दुकानात आला आणि म्हणाला, जनरलसाहेबांना आतलं जादा कापड नको आहे, कापून टाका, त्यांच्यानंतर हा कोट कोणाला लागणार नाही, आणि कापलेले तुकडे उद्या माझ्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते काळे तुकडे कागदात बांधून दिले. तू मशीनजवळ उभा होतास. तुझा चेहरा मला आजही दिसतो. त्या संध्याकाळी तू बाबांना काय काय बोललास ते उगाळत नाही. पण जाताना म्हणालास, ज्या हातांनी तो कोट कापला त्या हातांनी शिवलेलं काहीही मी अंगाला लावणार नाही. पुढे तिकडे तुझं लग्न ठरलं तेव्हा मी बाबांचा लग्नाचा कोट तुझ्यासाठी मागितला. त्याला कसर लागली म्हणून टाकून दिला, असं ते म्हणाले. ते तुला कळल्यावर तू मला जे पत्र लिहिलंस, ते मी त्यांना कधीच वाचून दाखवलं नाही.

जनरल गेले तेही रेडिओ ऐकूनच कळलं. त्या दिवशी बँड बंद पडला होता. पाचवे आले ते म्हातारे न्यायाधीश, चिपाडासारखे. सहावे मुलांचे डॉक्टर, मी टाचेच्या चपला घातल्या की माझ्याकडे वर बघून बोलायला लागायचं त्यांना. दोघांनाही कोट मोठाच होत होता. बाबांनी तो स्वतःच्या हाताने पाठीत आणि बाह्यांत आवळला. मला अस्तराला हात लावू दिला नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट.

आता बाईंचं ऐक. तरुणपणी त्या गोळाफेक खेळायच्या. उंचीला दारात वाकावं लागतं, आणि खांदे असे, की तू आणि मी शेजारी उभे राहिलो तर कदाचित जमेल. अध्यक्षभवनातले सचिव आधीच येऊन सांगून गेले होते, की कोट लहान पडणार, वाढवायला कापड उरलेलं नाही, जुना आता संग्रहालयात जाईल आणि नवा एका बड्या फॅशनवाल्याकडे शिवायला टाकलाय. तीन पिढ्यांचं काम असं एका वाक्यात गुंडाळलं गेलं. पण बाई काल स्वतःच आल्या, सचिवांना मागे टाकून. म्हणाल्या, तुरुंगातून आलेल्या माणसाने घातला तोच मला घालायचाय, तुम्ही काहीतरी करा. मी कापडाचं सांगायला तोंड उघडणार, तोवर खुर्चीतून बाबा म्हणाले, माप घे. आणि बाई गेल्यावर म्हणाले, उसवून बघ.

धाकट्या, मी कुशीतली, बगलेखालची शिवण उसवली. काही नव्हतं. मग अस्तर मोकळं केलं आणि छातीचा भाग उलटला. तिथे भरावाच्या जागी, इस्त्रीने कागदासारखं चपटं केलेलं, बारीक हातशिलाईने बसवलेलं, आजोबांचं सगळं कापड होतं. तसूभरही कापलेलं नव्हतं. कुशीतून पुढे वळवून दोन्ही बाजूंनी छातीत भरलेलं. जनरलसाहेबांची ती फुगलेली छाती आठवते, नोटांवर छापलेली? ती त्यांची नव्हतीच. पुढे येणाऱ्यांचं कापड होतं ते. मी जमिनीवर बसून हसत सुटले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही.

मग माझ्या डोक्यात आलं, की ते तुकडे आपण सगळ्यांनी पाहिले होते, त्याच लोकरीचे, त्याच काळ्या रंगाचे. मी बाबांना विचारलं, मग त्या मिशीवाल्याला दिलंत ते काय होतं. त्यांचा हात रेडिओकडे गेला, मीच तो बंद केला.

“माझ्या लग्नाचा कोट,” ते म्हणाले. “नाहीतरी आता अंगात येत नव्हता.”

मी भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, इतकी वर्षं गप्प का बसलात, पोरगा कायमचा गेला घरातून. तर म्हणाले, तेव्हा सांगितलं असतं तर तो चौकात उभा राहून अभिमानाने ओरडला असता, आणि मग तो उरला नसता. ते खरंच आहे रे, तुझ्या पोटात कधी काही राहिलंय? आणि जनरल गेल्यावर का नाही सांगितलं, तर म्हणे त्याने विचारलं नाही. तुम्ही दोघे एकाच ताग्यातले आहात, दुसरं काय. मला दोघांचाही राग येतोय आणि दोघांनाही एकदम कवटाळावंसंही वाटतंय.

कोट बाईंना होईल. रात्रंदिवस बसावं लागलं तरी मी तो करीन, त्याची काळजी नाही. अडचण वेगळीच आहे. शपथविधी पुढच्या महिन्यात आहे आणि कोट दोघांनी धरावा लागतो. जनरलच्या वेळी दुसरी बाजू एका शिपायाने धरली होती आणि नंतर दोन्ही वेळा मी. यंदा बाबांना फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून उजवी बाजू मी घेतेय. डावी कोण धरणार, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. आज सकाळी मात्र मला बाजारात पाठवून काळं लोकरी कापड आणवलं, ते बोटांनी बराच वेळ चाचपलं आणि मला म्हणाले, बेतायचं मी, कापायचं तू, टाके मी घालणार, तू फक्त दोरा ओवून दे. कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, त्याला लिही, माप पाठव म्हणावं, आणि पोट आत ओढून घेऊ नको म्हणावं, इतक्या वर्षांत सुटलंच असेल.

माप लगेच पाठव.

तुझीच,
ताई